सगळेच कच्चे लिंबू : तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे गटखेळ कसे घ्यावेत

मोठ्या मुलांच्या डावात एखादे धाकटे भावंड लुडबुड करू लागले, की त्याला कच्चे लिंबू म्हणून सामावून घेतले जाते. ते पळते, ओरडते, पकडलेही जाते. पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बादही होत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गट खेळवायचा असेल, तर ही सवलत एखाद्यापुरती न ठेवता सगळ्या गटालाच लागू करावी, हे या लेखाचे सूत्र आहे. खेळांच्या याद्या कुठेही मिळतात. यादीतला खेळ या वयाला मानवेल असा वळवून घेणे हे खरे काम असते आणि बालवाडीच्या ताईंना, पाळणाघर चालवणाऱ्यांना किंवा वाढदिवसाला दहाबारा मुले घरी बोलावून बसलेल्या पालकांना नेमके तिथेच अडायला होते.

कोणताही खेळ निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. एक, या खेळात एका वेळी किती मुले नुसती उभी राहणार? दोन, चुकलेल्या मुलाचे पुढे काय होणार? संगीत खुर्चीचेच पाहा. या खेळात सर्वांत आधी बाद होते ते सर्वांत सावकाश चालणारे किंवा गोंधळून उभे राहिलेले मूल, म्हणजे ज्याला खेळाची सर्वाधिक गरज आहे तेच. मग ते भिंतीला टेकून बसते आणि तिथे काहीच करण्यासारखे नसल्यामुळे शेजारच्याला चिमटे काढू लागते. त्याला रागावण्यात अर्थ नाही, कारण ती रिकामी वेळ खेळाच्या रचनेनेच त्याच्या पदरात टाकलेली असते.

वयाला काय झेपते

अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांच्या एकत्र खेळण्याचे प्रकार वेगळे काढले होते : एकट्याने खेळणे, दुसऱ्यांचा खेळ नुसता बघत राहणे, शेजारी शेजारी बसून आपापले खेळणे, एकमेकांशी देवाणघेवाण करत खेळणे आणि शेवटी काम वाटून घेऊन एकाच हेतूने खेळणे. ही काही एकेक ओलांडून कायमची मागे टाकायची इयत्ता नव्हे. पाच वर्षांचे मूलही दिवसभरात या सर्व प्रकारांत ये-जा करते. गट खेळवणाऱ्याने मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की तीन वर्षांच्या मुलांचा ‘गटखेळ’ बहुतेक वेळा शेजारी शेजारी चाललेला खेळच असतो आणि त्यात काही वावगे नाही. त्यांना दोन संघांत विभागून आपला संघ जिंकवायला सांगितले, तर संघ म्हणजे काय हेच त्यांना उमगत नाही.

शरीराचेही तसेच आहे. मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलता येणे हे साधारण चौथ्या वर्षाचे आणि एका पायावर लंगडी घालता येणे हे पाचव्या वर्षाच्या आसपासचे कौशल्य आहे. खेळात नियम पाळणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे हेही साधारण पाचव्या वर्षीच अपेक्षित धरतात. म्हणून मिश्र वयाच्या गटात खेळ सर्वांत लहान मुलाच्या बेताने सुरू करावा आणि थोरल्यांसाठी त्यातच एखादी जास्तीची खोच ठेवावी. उलट क्रम धरला, तर लहान मुले पहिल्याच डावात पांगतात आणि नंतर त्यांना गोळा करण्यात सगळा वेळ जातो.

जागा, वेळ आणि साहित्य

जागा फार मोठी असण्यापेक्षा तिची हद्द स्पष्ट असणे महत्त्वाचे आहे. मोकळ्या मैदानात मुले चहूकडे उधळतात, म्हणून खडूने, दोरीने किंवा रंगीत चिकटपट्टीने आखणी करून घ्यावी आणि खेळ सुरू होण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून त्या रेषेवरून एक फेरी मारावी. ‘हद्दीबाहेर जायचे नाही’ हे तोंडी सांगितलेले वाक्य विरून जाते, पण पायांनी चाललेली रेषा लक्षात राहते. घरात खेळायचे असेल, तर टेबलांचे कोपरे, लोंबणाऱ्या वायरी आणि सरकणारे पायपुसणे यांचा बंदोबस्त आधी करावा. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी पळू देऊ नये. बूट तरी घालावेत किंवा अनवाणी खेळावे.

एका मोठ्या माणसामागे सहा मुले हे प्रमाण मला सोयीचे वाटते. बारा मुलांसाठी दोघे असले, तर एकाने खेळ चालवावा आणि दुसऱ्याने रडणारे, पडलेले किंवा पाणी मागणारे मूल सांभाळावे. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असली, की पहिल्याच रडण्यापाशी खेळ तुटतो.

एक खेळ पाच ते सात मिनिटे चालावा. सगळी बैठक तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी अर्ध्या तासाची आणि पाच-सहा वर्षांच्यांसाठी फार तर पाऊण तासाची असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हायला हवी आणि त्यांपैकी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचालीची असावीत. आकडा मोठा वाटला तरी तो दिवसभरात विखुरलेला आहे. सलग तासभर पळवून तो गाठायचा नसतो.

सुरक्षेच्या बाबतीत नेहमीच्या सूचनांपेक्षा तीन गोष्टी अधिक काटेकोरपणे पाळाव्यात, कारण त्या सहज नजरेतून निसटतात. फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या रबरी फुग्याचा तुकडा मुलांच्या घशात अडकू शकतो आणि तो श्वासनलिकेवर चिकटून बसत असल्यामुळे बाहेर काढणे अवघड जाते. म्हणून या वयाच्या गटात फुग्यांऐवजी हलके कापडी किंवा स्पंजचे चेंडू वापरावेत. दुसरे, मोठ्यांच्या मागोमाग तीन वर्षांखालची भावंडे आलेली असतील, तर मणी, गोट्या, बटणे असले कोणतेही बारीक साहित्य बाहेर काढू नये. खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयासाठी धोक्याची मानतात, यावरून किती मोठ्या वस्तूही धोक्याच्या असू शकतात याचा अंदाज येईल. तिसरे, मुलांना एका हाताने झटक्यात ओढू नये आणि मनगटाला धरून गोल फिरवू नये. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कोपरातले हाड अशा ओढीने जागचे सरकू शकते. रिंगण धरताना किंवा साखळी करताना मुले एकमेकांना ओढू लागली, तर हात सोडून दोरीला किंवा ओढणीला धरायला सांगावे.

खेळ समजावून कसा सांगावा

सगळ्यांत जास्त खेळ इथे बिघडतात. नियम सांगत उभे राहिले, की मुलांचे पहिल्या वाक्याला लक्ष असते आणि तिसऱ्या वाक्याला एक जण बुटाचा बंद सोडू लागतो. म्हणून आधी खेळ सुरू करावा आणि नियम नंतर, एकेक करून घालावेत. पुढचा क्रम जवळजवळ प्रत्येक खेळाला चालतो.

प्रथम मुलांना जागेवर आणावे. ‘सगळे गोल करा’ म्हटल्याने गोल होत नाही; जमिनीवर आधीच काढलेल्या ठिपक्यांवर किंवा ठेवलेल्या आसनांवर ‘प्रत्येकाने एक घर पकडा’ म्हटले, की अर्ध्या मिनिटात होतो. मग एक ठरावीक खूण शिकवावी. खंजिरीचे दोन ठोके ऐकले, की हात डोक्यावर ठेवून थांबायचे. हा सराव खेळासारखाच दोन-तीन वेळा घ्यावा, कारण पुढचा सगळा कारभार या खुणेवर चालणार असतो. शिट्टी टाळावी; बंद खोलीत तिचा आवाज लहान मुलांना दचकवतो. त्यानंतर खेळाची एकच कृती स्वतः करून दाखवावी आणि मुलांकडून लगेच करून घ्यावी. ती जमली, की दुसरी कृती जोडावी. एखादा डाव फसला, तर मधेच थांबवून दुरुस्त्या सांगण्यापेक्षा तो तसाच पुरा करावा आणि पुढच्या डावात रचना बदलावी.

शब्दही मोजके आणि होकारार्थी असावेत. ‘पळू नका’ ऐवजी ‘हत्तीसारखे चाला’ म्हणावे. या वयाच्या मुलाला नियमापेक्षा सोंग फार लवकर कळते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ मानुइलेन्को यांच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लहान मुलांना नुसते स्थिर उभे राहायला सांगितले असता ती जेवढा वेळ उभी राहिली, त्याहून कितीतरी अधिक वेळ ती पहारेकऱ्याची भूमिका करताना उभी राहिली. मूल तेच, अंगातली चुळबुळही तीच. पण पहारेकरी हलत नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. हा धडा जवळजवळ प्रत्येक खेळात वापरता येतो.

चेंडू आणि नावे

नवीन गट असेल, तर सुरुवात बसून करावी. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलेल्या आपल्या शिक्षणपद्धतीत मुलांच्या हाती द्यायच्या साहित्याची सुरुवात लोकरीच्या मऊ चेंडूंपासून केली होती, आणि आजही अनोळखी मुलांना एकत्र आणायला चेंडूइतके चांगले दुसरे साधन मला दिसत नाही. चेंडू मऊ आणि निदान १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचा असावा.

मुलांना रिंगणात पाय फाकवून बसवावे, म्हणजे शेजाऱ्यांची पावले एकमेकांना टेकतील आणि पायांचे कुंपण तयार होऊन चेंडू बाहेर पळणार नाही. पहिल्या फेरीत मोठ्या माणसाने मधोमध बसून प्रत्येकाकडे त्याचे नाव घेत चेंडू घरंगळत सोडावा आणि तो परत घ्यावा. दुसऱ्या फेरीत स्वतः रिंगणात जाऊन बसावे आणि मुलांनी एकमेकांकडे चेंडू सोडावा. सोडण्यापूर्वी ज्याच्याकडे सोडायचा त्याचे नाव घ्यावे. नाव आठवले नाही, तर ‘लाल सदऱ्याकडे’ म्हटले तरी चालते. तिसऱ्या फेरीत दुसरा चेंडू सोडावा. एवढ्याने खेळाचा नूर पालटतो, कारण आता कुठून काय येईल याचा नेम नसतो आणि सगळ्यांना सावध राहावे लागते. बारा मुले आणि एकच चेंडू असला, तर दहा-अकरा जण नुसती वाट बघत असतात. म्हणून आठांपेक्षा जास्त मुले असतील तेव्हा दोन रिंगणे करावीत किंवा पहिल्यापासून दोन चेंडू ठेवावेत.

एक प्रसंग हमखास येतो. तीन वर्षांचे मूल चेंडू पोटाशी धरून बसते आणि सोडत नाही. चेंडू हिसकावला, तर रडारड होते आणि सगळ्या रिंगणाला चेंडू ही हिसकावायची वस्तू असल्याचे शिकवल्यासारखे होते. त्याऐवजी दुसरा चेंडू खेळात आणावा आणि त्या मुलाला, ‘तुझा चेंडू झोपलाय का? उठला, की त्याला कोणाकडे जायचंय?’ असे विचारावे. दोन-तीन चेंडू समोरून जाताना दिसले, की पोटाशी धरलेला चेंडू बहुतेक वेळा आपोआप सुटतो. नाही सुटला तरी खेळ अडलेला नसतो.

चाला आणि थांबा

खंजिरी वाजत असेपर्यंत चालायचे आणि ती थांबली, की जागच्या जागी थिजायचे, एवढाच हा खेळ आहे. एकच खेळ शिकून ठेवायचा असेल, तर तो हा. साहित्य नाही, रांग नाही, सगळी मुले एकाच वेळी खेळतात, आणि थांबायचे म्हटल्यावर थांबता येणे हे कौशल्य गटखेळांपलीकडेही उपयोगी पडते.

सुरुवातीला थांबण्याचा काळ दोन-तीन सेकंदच ठेवावा. मुले थिजायला शिकली, की तो हळूहळू वाढवत दहा सेकंदांपर्यंत न्यावा. वाजवण्याचा काळ मात्र मुद्दाम अनियमित असावा. एकदा बराच वेळ, एकदा जेमतेम दोन पावलांपुरता. खेळातली सगळी मजा त्या अंदाज न येण्यात आहे. नंतर चालण्याची तऱ्हा बदलावी : चवड्यांवर, मांजरीसारखे, चिखलातून, डोक्यावर घागर घेतल्यासारखे. ठोके जलद झाले, की जलद चालायचे आणि संथ झाले, की संथ. त्यापुढच्या टप्प्यात थांबताना काहीतरी बनायचे : झाड, बेडूक, झोपलेले बाळ, किंवा वर सांगितलेला पहारेकरी.

कोणी हलले, तर त्याला बाद करू नये आणि ‘हललास, हललास’ असा पुकाराही करू नये. त्याऐवजी मोठ्या माणसाने संग्रहालय बघायला आलेल्या पाहुण्यासारखे पुतळ्यांमधून हिंडावे आणि ‘हा पुतळा किती सुरेख आहे, याची बोटेसुद्धा दगडाची दिसताहेत’ असे म्हणत जावे. शेजारची तीन मुले लगेच आपली बोटे ताठ करतात.

पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी खेळ उलटा करावा : आवाज असताना थांबायचे आणि शांतता झाली, की चालायचे. हे वाटते तितके सोपे नाही, मोठ्यांचाही गोंधळ उडतो. अंगवळणी पडलेली कृती आवरून उलटी कृती करणे हा आत्मनियंत्रणाचा चांगला व्यायाम आहे. मुलांचे आत्मनियंत्रण तपासण्यासाठी संशोधकही ‘डोके म्हटले, की पायाचे अंगठे धरा’ अशा धर्तीची कामे देतात. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र हा उलटा डाव देऊ नये.

शेपट्या

शिवणापाणी या वयात जमत नाही असे नाही. एकट्यावर राज्य देणे जमत नाही. राज्य आलेल्या मुलाला कोणी सापडले नाही, तर ते रडते, आणि सारखे तेच पकडले जाणारे मूल खेळ सोडून जाते. शेपट्यांच्या खेळात सगळ्यांवर राज्य असते आणि कोणावरच नसते.

जुन्या कापडाच्या ४० सेंटिमीटर लांब आणि चार बोटे रुंद पट्ट्या कापाव्यात. मुलांच्या संख्येच्या दुप्पट तरी असाव्यात. प्रत्येकाने एक पट्टी पाठीमागे कमरेशी अशी खोचावी, की तिचा बराचसा भाग बाहेर लोंबेल. पट्टी कधीही बांधू नये. बांधलेली पट्टी ओढली, की मूलच ओढले जाते. उरलेल्या पट्ट्या हद्दीच्या मधोमध एका टोपलीत ठेवाव्यात. खूण झाली, की सगळ्यांनी एकमेकांच्या शेपट्या पळवायच्या, आणि ज्याची गेली त्याने टोपलीतून नवी घेऊन पुन्हा खेळात यायचे. नियम दोनच : फक्त शेपटी धरायची, कपडे नाहीत, आणि शेपटी हातांनी झाकून ठेवायची नाही. एक डाव दीड-दोन मिनिटांचा पुरे. डाव संपला, की जमवलेल्या शेपट्या टोपलीत परत टाकायच्या. कोणाकडे किती जमल्या हे मोठ्याने मोजू नये. पाच-सहा वर्षांची मुले आपणहून मोजतातच, त्यांना मोजू द्यावे.

तीन वर्षांच्या मुलांना पळता पळता आपले राखणे आणि दुसऱ्याचे पळवणे अशी दोन्ही कामे झेपत नाहीत. त्यांच्यासाठी सगळ्या शेपट्या मोठ्या माणसाने कमरेभोवती खोचून घ्याव्यात आणि पळत सुटावे. बाबा किंवा ताई पुढे आणि दहा मुले मागे, हा डाव लहान मुले कितीही वेळा मागतात. दम मोठ्यांनाच आधी लागतो, ही या खेळाची एकमेव मर्यादा.

चादरीचा खेळ

दुहेरी पलंगाची जुनी चादर आठदहा मुलांना पुरते. मुलांनी चहूबाजूंनी उभे राहून काठ दोन्ही हातांनी मुठीत धरावा. प्रथम हळू हलवून लहान लाटा करायच्या, मग वारा सुटला म्हणून मोठ्या, मग वारा पडला म्हणून चादर अगदी ताठ आणि स्थिर. हे दोन-तीन वेळा झाले, की वर एक मऊ चेंडू टाकावा. तो खाली पडू न देता नाचवायचा. पडला, तर सगळ्यांनी मिळून मोठ्याने ‘अरेरे’ म्हणायचे आणि पुन्हा सुरू. नंतर पाच-सहा चेंडू टाकून ‘लाह्या फुटल्या’ म्हणत सगळे उडवून लावायचे आणि पळत जाऊन गोळा करून आणायचे. हे गोळा करणे मुलांना उडवण्याइतकेच आवडते, म्हणून ते काम मोठ्यांनी करू नये.

इथे हार-जीत नाही आणि एका मुलाने हात सोडला, की चादर लगेच त्या बाजूला लोंबते. एकमेकांच्या जोडीने काम करणे म्हणजे काय, हे न सांगता कळते. चादरीवर कोणाला बसवून उडवण्याचा आग्रह मुले धरतील. तो साफ नाकारावा. चादरीखालून पळत जाण्याचा डाव घ्यायचा असेल, तर एका वेळी दोघांचीच नावे घ्यावीत, नाहीतर मधोमध डोकी आपटतात.

संगीत खुर्ची, पण खुर्च्यांविना

खुर्च्या कलंडतात, म्हणून त्यांच्याऐवजी जमिनीवर चटया किंवा खडूची वर्तुळे असावीत. संगीत थांबले, की प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या चटईवर जायचे. प्रत्येक डावाला एक चटई कमी होते. मुले मात्र तेवढीच राहतात. मग एका चटईवर दोघे, तिघे, चौघे असे सामावून घ्यावे लागते आणि ‘अजून एकाला जागा आहे का?’ हा प्रश्न खेळाचा केंद्रबिंदू होतो. बारा मुलांसाठी दहा चटयांपासून सुरुवात करून तीन-चार चटया उरल्या, की थांबावे. अगदी एका चटईपर्यंत नेण्याची हौस नको, कारण ढिगाऱ्यात तळाला सापडलेल्याला त्यात गंमत वाटत नाही.

अडथळ्यांची वाट

उशा, दोरी, पुठ्ठ्याची खोकी, टेबल, एवढे साहित्य पुरते. दोरीवरून चालायचे, टेबलाखालून रांगायचे, उशांवरून उड्या मारायच्या, कापडी पिशवी बादलीत टाकायची, अशी पाच-सहा ठिकाणे करावीत. चूक होते ती मांडणीत. सरळ रेषेत मांडले, की सुरुवातीला रांग लागते आणि रांगेत ढकलाढकली. वाट गोल मांडावी आणि प्रत्येक ठिकाणी दोन-दोन मुलांना उभे करून सगळ्यांना एकाच वेळी सुरुवात करू द्यावी. वेळ लावून शर्यत घेऊ नये. दोन फेऱ्यांनंतर मुलांनाच एक अडथळा बदलायला सांगावे. त्यांनी केलेला बदल बहुधा मोठ्यांना सुचला नसता असा असतो.

बसून करायचे काही

पळापळीच्या खेळांमध्ये एखादे शांत काम असावे. लांबलचक कागद जमिनीवर पसरून दोन्ही बाजूंना मुलांना बसवावे, मधोमध मोठ्या माणसाने एक वळणावळणाचा रस्ता काढावा आणि आपल्या समोरच्या भागात प्रत्येकाने काय हवे ते काढावे : घर, गाडी, झाड, राक्षस. थोड्या वेळाने सगळ्यांनी दोन जागा सरकायचे आणि दुसऱ्याच्या चित्रात भर घालायची. आपल्या चित्राला कोणी हात लावलेला न खपणारी मुले असतात. त्यांच्या चित्राभोवती चौकट काढून द्यावी आणि इतरांनी बाहेरून रंगवावे. रंग जाड खडूंचेच असावेत, आणि थोडे कमी असलेले बरे, म्हणजे मागण्यादेण्याचे बोलणे होते. फारच कमी असतील, तर मात्र भांडणे होतात. दोघांत मिळून चार-पाच खडू हा मध्यम मार्ग आहे.

न खेळणारे मूल आणि भांडणारी मुले

प्रत्येक गटात एक तरी मूल भिंतीला पाठ लावून उभे असते. पार्टन यांच्या वर्गवारीत नुसते बघणे हाही सहभागाचाच एक प्रकार आहे, हे अशा वेळी आठवावे. त्याला हाताला धरून आत आणू नये आणि सगळ्यांसमोर ‘ये ना, ये ना’ अशी विनवणीही करू नये. खेळाला उपयोगी पडणारे एखादे काम त्याच्या हाती द्यावे : खंजिरी वाजवणे, शेपट्यांची टोपली सांभाळणे, चेंडू आणून देणे. खंजिरी त्याच्या हातात असली, की सगळा गट त्याच्या ठोक्यावर चालतो आणि थांबतो. बाहेर उभे राहूनही ते खेळाच्या मध्यावर असते. कधी त्याला खंजिरीच पुरते आणि कधी दुसऱ्या डावाला ते स्वतःच आत शिरते. मोठ्या आवाजाने कान झाकणाऱ्या मुलासाठी आवाजाच्या खुणेऐवजी हवेत रुमाल हलवावा. त्याने बाकीच्यांचे काही बिघडत नाही.

भांडण झाल्यावर कोणी सुरुवात केली याचा तपास करत बसू नये. या वयात दोन्ही बाजूंचे जबाब खरे असतात. ज्याला लागले त्याच्याकडे आधी जावे, त्याला पाणी द्यावे, आणि ढकलणाऱ्याला ‘तो रडतोय, त्याला काय हवंय ते विचारूया’ म्हणून सोबत घ्यावे. सक्तीची माफी पाठ केल्यासारखी येते. त्यापेक्षा ओला रुमाल आणून देण्याचे काम सांगावे. भांडणे एकाच खेळात वारंवार होत असतील, तर दोष मुलांत न शोधता साहित्य कमी पडते आहे का, जागा दाटीची आहे का, थांबावे फार लागते आहे का, हे पाहावे. बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एक कारण निघते.

अर्ध्या तासाची मांडणी

पहिली पाच मिनिटे चेंडू आणि नावांना द्यावीत, पुढची सात मिनिटे ‘चाला आणि थांबा’ला. त्यानंतर शेपट्यांचे दोन-तीन डाव झाले, की पाणी पिण्याची सुट्टी. ती विसरली, की पुढचा प्रत्येक खेळ पाण्यासाठी तुटतो. मग चादर घ्यावी, कारण तीत सगळी मुले पुन्हा एका जागी येतात. खेळ ऐन रंगात असताना थांबवावा. मुले ‘अजून एकदा’ म्हणत असताना थांबवलेला खेळ ती पुढच्या वेळी आपणहून मागतात. कंटाळा येईपर्यंत ताणलेला पुन्हा काढला, की नाक मुरडतात.

शेवटी पळालेल्या मुलांना शांत करून मग पालकांकडे सोपवावे. यासाठी मारिया माँटेसरी यांच्या शाळांत घेतला जाणारा शांततेचा खेळ उत्तम आहे. मुलांनी डोळे मिटून बसायचे. मोठ्या माणसाने दूर, शक्य तर दाराआड उभे राहून अगदी कुजबुजत एकेकाचे नाव घ्यायचे. नाव ऐकू आलेल्याने पावलांचा आवाज न करता उठून त्याच्यापाशी यायचे. ज्यांचा धीर लवकर सुटतो त्यांची नावे आधी घ्यावीत आणि कोणाचेही नाव राहणार नाही याची काळजी घ्यावी. यादी हातात ठेवली, तर याच वेळी हजेरीही होते. दाराशी एकेकच मूल येत असल्यामुळे बूट घालणे, पिशवी देणे आणि पालकाच्या हाती सोपवणे ही कामे गर्दीविना उरकतात. मागे राहिलेल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने तोवर शेपट्या आणि चेंडू मोजून ठेवावेत.